बिघडलेल्या स्प्रेडशीटमधून माहिती परत कशी मिळवली जाते?

नवी दिल्ली – वस्तू व सेवा कराची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या व्यावसायिकांसाठी दर महिन्याची ११ आणि २० तारीख महत्त्वाची असते. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या राजधानी परिसरातील अनेक लहान उद्योग, दुकाने, गृहनिर्माण संस्था आणि लेखापालांची कार्यालये आपला हिशेब आजही स्प्रेडशीटमध्ये ठेवतात. मुदतीच्या तोंडावर ही फाईल उघडली नाही आणि ती बिघडल्याची सूचना पडद्यावर आली, तर वर्षभराची नोंद एका क्षणात हाताबाहेर गेल्यासारखी वाटते.

प्रत्यक्षात फाईल उघडत नाही, याचा अर्थ तिच्यातील माहिती नष्ट झाली असा होत नाही. अनेकदा माहितीचा मोठा भाग फाईलमध्ये शाबूत असतो. ती माहिती कोठे आहे हे सांगणारा भाग तेवढा बिघडलेला असतो. मात्र ही माहिती परत मिळणार की नाही, हे बिघाड लक्षात आल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत काय केले जाते, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यामुळे स्प्रेडशीटची रचना कशी असते आणि ती बिघडते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

फाईलच्या आत काय असते?

संगणकावरील पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट 'व्हिसिकॅल्क' १९७९ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिन्टॉश संगणकांसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी उपलब्ध झाले. पुढे दीर्घकाळ एक्सेलच्या फाईली 'एक्सएलएस' या प्रकारात साठवल्या जात. या प्रकारात सर्व नोंदी एकामागून एक सांकेतिक स्वरूपात लिहिलेल्या असतात आणि कोणता भाग कोठे आहे याचा तक्ता फाईलमध्येच असतो. हा तक्ता बिघडला की पुढील सर्व नोंदींचा माग लागणे कठीण होते.

एक्सेल २००७ या आवृत्तीपासून 'एक्सएलएसएक्स' हा नवा प्रकार आला. वरून एकच दिसणारी ही फाईल म्हणजे वस्तुतः एक झिप गठ्ठा असतो. त्यात प्रत्येक शीटसाठी एक्सएमएल या मजकूर स्वरूपातील वेगळी फाईल असते. सर्व शीटमधील अक्षरी मजकूर साधारणपणे 'शेअर्ड स्ट्रिंग्ज' नावाच्या एकाच सामाईक फाईलमध्ये ठेवलेला असतो, तर रंग, ठळकपणा, तारखेची मांडणी इत्यादी गोष्टी आणखी एका फाईलमध्ये असतात. गठ्ठ्यात कोणकोणत्या फाईली आहेत याची अनुक्रमणिका झिपच्या अगदी शेवटी असते.

ही रचना लक्षात घेतली की बिघाडाचे स्वरूप उलगडते. फाईल जतन होत असताना वीज गेली, पेन ड्राईव्ह मध्येच काढला गेला किंवा इंटरनेटवरून फाईल अर्धवटच उतरली, तर शेवटी असणारी अनुक्रमणिका लिहिली जात नाही. आतील शीट जागेवर असूनही एक्सेलला ती सापडत नाही. मात्र गठ्ठ्यातील प्रत्येक फाईलच्या आरंभी तिची स्वतंत्र ओळख लिहिलेली असते. त्या आधारे झिप दुरुस्त करणारी साधने अनुक्रमणिका नव्याने तयार करू शकतात.

गठ्ठ्यातील प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे संकुचित केलेली असल्यामुळे एक शीट बिघडल्याने इतर शीट वाया जात नाहीत. बिघडलेल्या शीटमध्येही बिघाडाच्या जागेपूर्वीच्या ओळी बहुधा वाचता येतात. परवलीचा शब्द देऊन कुलूपबंद केलेल्या फाईलचे मात्र तसे नसते. तिचा संपूर्ण गठ्ठा सांकेतिक लिपीत बदललेला असल्याने ही सर्व साधने तेथे निरुपयोगी ठरतात.

मानकाचा वाद आणि त्याचे महत्त्व

या नव्या प्रकाराची रचना जाहीर दस्तऐवजात उपलब्ध आहे. तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्यावरून २००७ आणि २००८ मध्ये जगभर मोठा वाद झाला. नवी दिल्लीत मुख्यालय असलेल्या भारतीय मानक ब्युरोने दोन्ही वेळा या प्रस्तावाच्या विरोधात मत नोंदवले. प्रस्ताव मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्यासह भारतानेही त्याविरुद्ध दाद मागितली. मात्र ती फेटाळली गेली आणि २००८ मध्येच हे मानक प्रसिद्ध झाले. त्यानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले.

सामान्य वापरकर्त्याला हा वाद दूरचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न व्यवहाराचा आहे. ज्या फाईलची रचना सर्वांना ठाऊक असते, ती वाचण्यासाठी एकाच कंपनीच्या प्रणालीवर विसंबून राहावे लागत नाही. एक्सेलने नाकारलेली फाईल लिब्रेऑफिससारख्या मोफत प्रणालीत काही वेळा उघडते, ती यामुळेच.

पहिली कृती : मूळ फाईलला हात लावू नये

फाईल बिघडल्याचे लक्षात येताच तिची प्रत काढून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि पुढील सर्व प्रयोग केवळ त्या प्रतीवर करावेत. दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न फाईलमध्ये काहीतरी बदलतो. एक्सेल दुरुस्त करताना न समजलेला भाग वगळते. वापरकर्त्याने ती फाईल त्याच नावाने जतन केली, तर वगळलेला भाग परत मिळवण्याची शक्यता संपते.

फाईल चुकून पुसली गेली असेल, तर सावधगिरी आणखी वाढवावी लागते. हार्ड डिस्कवरील फाईल पुसली जाते तेव्हा तिने व्यापलेली जागा केवळ 'मोकळी' म्हणून नोंदवली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी माहिती तेथेच असते. म्हणून त्या संगणकाचा वापर थांबवावा आणि माहिती शोधणारी प्रणाली त्याच डिस्कवर बसवू नये. अलीकडच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये 'ट्रिम' या सोयीमुळे पुसलेली जागा थोड्याच वेळात खरोखर रिकामी केली जाते. त्यामुळे तेथे यशाची शक्यता बरीच कमी असते.

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर दोष फाईलमध्ये नसून यंत्रात असतो. अशा वेळी संगणक तत्काळ बंद करावा. डिस्क वारंवार सुरू करून पाहिल्याने तिच्या तबकडीवर ओरखडे पडू शकतात आणि मग सुसज्ज प्रयोगशाळेचाही इलाज चालत नाही.

दुरुस्तीच्या पायऱ्या

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी जुनी आवृत्ती कोठे उपलब्ध आहे का, हे पाहणे श्रेयस्कर असते. एक्सेल ठरावीक काळाने, सामान्यतः दर १० मिनिटांनी, खुल्या फाईलची तात्पुरती नोंद ठेवते. फाईल मेनूतील 'इन्फो' विभागात 'मॅनेज वर्कबुक' या पर्यायाखाली जतन न केलेल्या फाईली शोधता येतात. फाईल वनड्राईव्ह किंवा गुगल ड्राईव्हवर असेल, तर तेथील आवृत्त्यांच्या इतिहासातून बिघाडापूर्वीची प्रत परत घेता येते. ई-मेलने पूर्वी पाठवलेली प्रतही अनेकदा कामी येते.

यापैकी काहीच नसेल, तर एक्सेलमधील अंगभूत सोय वापरावी. फाईल उघडण्याच्या चौकटीत बिघडलेली फाईल निवडून 'ओपन' या बटणाशेजारील लहान बाणावर क्लिक केल्यास 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय दिसतो. त्यात प्रथम 'रिपेअर' निवडावे. ते साधले नाही तर 'एक्स्ट्रॅक्ट डेटा' निवडावे. या दुसऱ्या मार्गात केवळ आकडे हवेत की सूत्रेही, अशी विचारणा होते. सूत्रांमुळेच अडथळा येत असल्यास केवळ आकडे मिळवणे हिताचे असते.

तरीही फाईल उघडली नाही, तर तिच्या प्रतीच्या नावातील शेवटची 'एक्सएलएसएक्स' ही अक्षरे बदलून 'झिप' करावीत आणि गठ्ठा सोडून पाहावा. आत 'वर्कशीट्स' या फोल्डरमध्ये प्रत्येक शीटची मजकूर फाईल दिसते. तिच्यातील एखादी खूण अर्धवट राहिली असेल, तर जाणकार व्यक्ती ती हाताने पूर्ण करू शकते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शीटमध्ये आकडे प्रत्यक्ष लिहिलेले असतात; अक्षरी मजकुराऐवजी मात्र बहुधा सामाईक फाईलमधील त्याचा क्रमांक तेवढा असतो. त्यामुळे सामाईक फाईल गमावली असेल, तर सर्व रकमा मिळतात, पण त्या कोणाच्या नावावर आहेत हे कळत नाही.

आणखी एक दुर्लक्षित मार्ग आलेखांचा आहे. शीटमधील आकड्यांवरून काढलेला आलेख त्या आकड्यांची स्वतःची प्रत जवळ बाळगतो. एखाद्या सादरीकरणात किंवा अहवालात चिकटवलेल्या आलेखासोबत कधी कधी संपूर्ण वर्कबुकही दडलेले असते. शीट हरवली तरी अशा ठिकाणाहून निदान मुख्य आकडे हाती लागू शकतात.

काही बिघाडांवर मात्र कोणताही उपाय नसतो. फाईलचा आकार योग्य दिसतो, परंतु आत आरंभापासून अखेरपर्यंत केवळ शून्ये असतात, अशी स्थिती अचानक वीज गेल्यानंतर उद्भवू शकते. अशा फाईलमध्ये दुरुस्त करण्याजोगे काही उरलेलेच नसते. तिच्यातून सर्व माहिती काढून देण्याची हमी कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मिळालेली माहिती तपासणे आवश्यक

फाईल उघडली म्हणजे काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे. कच्च्या स्वरूपात बाहेर काढलेल्या शीटमध्ये तारखा पाच अंकी संख्यांसारख्या दिसतात, कारण एक्सेल १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानून दिवसांची मोजणी करते. उदाहरणार्थ, ४५३८३ हा आकडा म्हणजे १ एप्रिल २०२४ ही तारीख होय. त्या सेलला तारखेची मांडणी दिली की ती पूर्ववत दिसते.

आरंभीचे शून्य गळणे हा दुसरा नेहमीचा दोष आहे. कर नोंदणीत दिल्लीचा संकेतांक ०७, हरियाणाचा ०६, उत्तर प्रदेशाचा ०९ आणि महाराष्ट्राचा २७ आहे. राज्य संकेतांकाचा स्वतंत्र स्तंभ असेल, तर दुरुस्तीनंतर दिल्लीचा ०७ केवळ ७ असा उरू शकतो. एक्सेल संख्येतील पहिले १५ अंकच अचूक राखते. त्यामुळे १६ अंकी क्रमांक संख्या म्हणून वाचला गेला, तर त्याचा अखेरचा अंक शून्य होतो.

व्यावसायिकाला पडताळणीसाठी बाह्य आधारही उपलब्ध असतो. दिल्लीतील एरोसिटी येथे मुख्यालय असलेल्या वस्तू व सेवा कर नेटवर्कच्या संकेतस्थळावरून यापूर्वी भरलेली विवरणपत्रे आणि पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांचा तपशील पुन्हा उतरवून घेता येतो. बँकेच्या खाते उताऱ्याशी जमा-खर्चाचा मेळ घालता येतो. करनोंदणी क्रमांकाचे १५ वे अक्षर आधीच्या १४ अक्षरांवरून गणिताने ठरते. त्यामुळे त्यातील अक्षरांची चूक बहुधा लगेच पकडता येते.

बिघाड नसतानाही माहिती कशी गळते, याचे ठळक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. कोरोना साथीच्या काळात, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० दरम्यान, तेथील १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन अहवालातून सुटल्या. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारात घेतली जात होती आणि त्या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. त्या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध त्यामुळे लांबणीवर पडला. म्हणूनच दुरुस्त झालेल्या फाईलमधील ओळींची संख्या आणि एकूण बेरीज जुन्या नोंदींशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

'एम्स'चा धडा

बिघडलेली फाईल आणि कोणी मुद्दाम कुलूपबंद केलेली फाईल यांत मूलभूत फरक आहे. खंडणीखोर संगणक विषाणू, म्हणजे रॅन्समवेअर, फाईल मोडत नाही. तो ती सांकेतिक लिपीत बदलतो. किल्लीशिवाय अशा फाईलवर दुरुस्तीची नेहमीची साधने चालत नाहीत.

दिल्लीने याचा अनुभव २३ नोव्हेंबर २०२२ रोजी घेतला. त्या दिवशी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, अर्थात 'एम्स'मधील, 'ई-हॉस्पिटल' ही प्रणाली बंद पडली. बाह्यरुग्ण विभाग, दाखल रुग्णांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांचे काम कर्मचाऱ्यांना कागदावर करावे लागले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक लिपीत बदलली गेल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. संस्थेच्या संगणक जाळ्याची योग्य विभागणी नसणे हे कारण 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या विश्लेषणात पुढे आले.

रुग्णांची माहिती अखेर परत मिळाली. मात्र ती कुलूपबंद फाईली उघडून मिळाली नाही. हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवर तिची प्रत होती. तेथून ती नव्या सर्व्हरवर आणण्यात आली आणि नोंदणी, भेटीची वेळ, दाखल करणे, घरी सोडणे यांसारखी बहुतेक कामे सुमारे दोन आठवड्यांनंतर पूर्ववत झाली. देशातील अग्रगण्य रुग्णालयाला जी गोष्ट उपयोगी पडली, तीच लहान दुकानदारालाही उपयोगी पडते : मूळ ठिकाणापासून वेगळी ठेवलेली प्रत.

रॅन्समवेअरच्या काही प्रकारांसाठी मोफत किल्ल्या उपलब्ध आहेत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि काही संगणक सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमातून त्या मिळतात. म्हणून कुलूपबंद झालेल्या फाईली पुसून न टाकता जपून ठेवाव्यात. सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते.

कायदा काय सांगतो?

हिशेबाच्या संगणकीय नोंदी सुरक्षित ठेवणे ही केवळ सोयीची बाब नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ५७ नुसार, अपघात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील अशा रीतीने त्यांचा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपन्यांना संगणकीय हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज घ्यावा लागतो. ही दैनिक अट ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झाली.

एखाद्या वादात फाईल पुरावा म्हणून सादर होणार असेल, तर मूळ प्रत जपण्याला आणखी महत्त्व येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे 'हॅश मूल्य' नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसा होय. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. दुरुस्त केलेल्या फाईलचा ठसा मूळ फाईलशी जुळत नसल्याने, बिघडलेली मूळ फाईलही जशीच्या तशी राखून ठेवावी लागते.

नेहरू प्लेसच्या बाजारात, तसेच नोएडा व गुरुग्राममधील प्रयोगशाळांत माहिती परत मिळवून देण्याची सेवा मिळते. तेथे डिस्क सोपवण्यापूर्वी त्यांना मूळ डिस्कवर काम न करता तिच्या प्रतिमेवर काम करण्यास सांगावे, खर्चाचा अंदाज व गोपनीयतेची हमी लेखी घ्यावी आणि परत मिळू शकणाऱ्या फाईलींची यादी आधी पाहावी. इंटरनेटवर विनामूल्य दुरुस्ती करून देणाऱ्या संकेतस्थळांवर ग्राहकांचे पॅन, बँक खाते किंवा रुग्णांची माहिती असलेली फाईल चढवू नये. ती माहिती पुढे कोणाच्या हाती जाईल, यावर वापरकर्त्याचे नियंत्रण राहत नाही.

तीन प्रतींचा नियम

संगणकीय माहितीच्या सुरक्षेसाठी 'तीन-दोन-एक' हा सोपा नियम सांगितला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी. संगणकाला सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्क ही खरी दुसरी प्रत ठरत नाही, कारण विषाणूचा हल्ला झाल्यास तीही सापडते. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी. महत्त्वाच्या फाईलच्या नावात तारीख घालून आठवड्याला नवी प्रत जतन करावी, म्हणजे बिघाड उशिरा लक्षात आला तरी त्यापूर्वीची आवृत्ती हाती राहते. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस जोडल्यास अर्धवट जतन झालेल्या फाईलींचा धोका बराच कमी होतो.

केवळ प्रत घेणेही पुरेसे नसते. ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे लागते. ३१ मार्च हा दिवस जगभर 'बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो आणि भारतात त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते. वर्षाचे हिशेब बंद करतानाच राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तिची बेरीज मूळ हिशेबाशी जुळवून पाहिली, तर पुढील वर्षी मुदतीच्या दिवशी फाईल उघडली नाही तरी काम अडणार नाही.